बोअरचं जड पाणी प्रवाळाला पोषक नसतं

लातूर-बीडकडे एक समज पक्का बसलाय: बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम भरपूर, म्हणून घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या हॅमर, टॉर्चसारख्या मोठ्या पॉलिपच्या (प्रवाळाचा एकेक मऊ जीव) दगडी प्रवाळांना ते चांगलंच. हे चूक आहे. लागणारं ४००–४५० पीपीएम कॅल्शियम रीफच्या मिठातूनच, म्हणजे अशा टाकीसाठी बनवलेल्या समुद्री मिठातूनच मिळतं. बोअरमधून त्यासोबत नायट्रेट आणि बेसॉल्टमधलं सिलिकेटही येतं. काचेवर तपकिरी शेवाळ धरतं ते बरेचदा त्यामुळेच.

खरं नुकसान उन्हाळ्यात. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. रोज बोअरचंच पाणी भरलं की ते साचत जातात, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची क्षमता) भरकटते आणि प्रवाळाचा मांसल भाग सांगाड्यापासून सुटू लागतो. सुटलेला भाग सहसा परत धरत नाही, म्हणून हे आधीच टाळायला हवं.

घरचा पिण्याचा आरओ जसाच्या तसा चालत नाही. बहुतेकांत मिनरल कार्ट्रिज असतं, शिवाय टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर कच्चं पाणी मिसळतो. टाकीसाठी मेंब्रेननंतर (आरओची मुख्य गाळणी) थेट वेगळी नळी काढा, तिला डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषून घेणारे मणी) जोडा. टीडीएस ० यायला हवा. उडालेल्या पाण्याची भर याच पाण्याने, मीठ न घालता. मीठ फक्त पाणी बदलताना: लिटरला साधारण ३५ ग्रॅम, घनता १.०२५. अल्कलिनिटी ८–९ डीकेएचवर (अल्कलिनिटीचं एकक) स्थिर ठेवा. टीडीएस मीटर ० सोडून वर सरकला की रेझिन बदला.