ऑपरेटिंग सिस्टिमच्या व्हर्जन नंबरांचा घोळ

व्हर्जन नंबर म्हणजे खरं तर साधी गोष्ट, कितवी आवृत्ती ते सांगायचं. पण ऑपरेटिंग सिस्टिमच्या बाबतीत बहुतेक वेळा नंबर दोन असतात, एक जाहिरातीतला माणसांसाठी आणि एक आतला, जो प्रोग्रॅम विचारतात. घरात बाळ्या आणि रेशनकार्डावर बाळकृष्ण, त्यातलाच प्रकार, फक्त इथे दोन्ही नावं अधूनमधून बदलतात आणि ती पण एकाच वेळी नाही.

सगळ्यात मोठा गोंधळ विंडोजचा. ३.१ नंतर एकदम ९५ आलं, मग ९८, मग २०००, मग एक्सपी आणि व्हिस्टा अशी नुसती नावं, आणि मग परत ७. आतले आकडे बघितले तर २००० म्हणजे ५.०, एक्सपी ५.१, व्हिस्टा ६.०, आणि ७ म्हणजे चक्क ६.१! तसंच ८ म्हणजे ६.२ आणि ८.१ म्हणजे ६.३. २०१५ साली विंडोज १० आलं तेव्हा आतला आकडा ६.३ वरून थेट १०.० केला, म्हणजे आत-बाहेर एकदाचं जुळलं, आणि लोकांनी हुश्श केलं. ते टिकलं २०२१ पर्यंत. विंडोज ११ आतून अजून १०.०च आहे, कमांड प्रॉम्प्टवर, म्हणजे हुकूम टाइप करायच्या काळ्या खिडकीत, व्हेर (ver) टाइप केलं की तेच दिसतं, मग शेवटचा बिल्ड नंबर, म्हणजे त्यापुढचा लांब आकडा, बघायचा, २२००० किंवा पुढचा असेल तर ११ समजायचं. मी स्वतः एकदा हा १०.० बघून एकाला "तुझं अजून दहाच आहे रे" असं ठामपणे सांगितलेलं आहे.

आता ७ ला सरळ ७.० का नाही दिलं, तर जुने प्रोग्रॅम. प्रोग्रॅम लिहिणारे सुरुवातीलाच तपासतात की सिस्टिम पुरेशी नवी आहे का, आणि ही तपासणी भलेभले चुकवतात. समजा एक्सपी किंवा त्यापुढचं हवंय, तर लिहिणारा लिहितो की पहिला आकडा ५ किंवा जास्त आणि दुसरा १ किंवा जास्त. वाचायला बरोबर वाटतं, पण व्हिस्टा आहे ६.० आणि तिथे दुसरा आकडा शून्य, झालं, प्रोग्रॅम म्हणतो तुमची सिस्टिम जुनी आहे! पहिला आकडा बदलला की असं काहीतरी मोडतंच, म्हणून ७ च्या वेळी मायक्रोसॉफ्टने तो ६ च ठेवला.

ह्याच्यामुळे सिस्टिमला चक्क खोटं बोलायला शिकवलं गेलं, आणि मला विचाराल तर ह्या विषयातली सगळ्यात मजेची गोष्ट हीच आहे. विंडोजच्या आधीची मायक्रोसॉफ्टची सिस्टिम म्हणजे एमएस-डॉस, तिच्या १९९१ च्या ५ मध्ये सेटव्हर नावाची कमांड आली, तिच्यात प्रोग्रॅमचं नाव आणि डॉसचा कुठला नंबर सांगायचा ते लिहून ठेवायचं, की त्या प्रोग्रॅमला तोच नंबर सांगितला जायचा. विंडोज ९५ आतून ४.० होतं पण जुन्या १६ बिटच्या प्रोग्रॅमना स्वतःला ३.९५ म्हणवायचं. ८.१ पासून तर प्रोग्रॅमने आपल्याबरोबरच्या फाइलमध्ये "मला ८.१ माहीत आहे" असं जाहीर केलं नसेल तर त्याला ६.२ एवढंच सांगतात. विंडोज ९ गाळलं ते ९५ आणि ९८ शी गल्लत नको म्हणून, अशी कथा नेटवर जोरात फिरते, पण तिला कंपनीचा दुजोरा नाही.

अ‍ॅपलनेही हेच केलंय. मॅक ओएस एक्समधला एक्स म्हणजे रोमन दहा, पण अर्धी दुनिया एक्सच म्हणायची. २००१ च्या १०.० पासून २०१९ च्या १०.१५ पर्यंत दहाच चाललं, आणि १०.९ नंतर १०.१० आलं, जे शाळेतल्या दशांश अपूर्णांकाप्रमाणे १०.१ च झालं! इथे टिंब दशांशाचं नाहीच, दोन वेगळे आकडे वेगळे ठेवायला आहे, हे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. २०२० साली बिग सर नावाची मॅकची आवृत्ती ११ झाली तरी जुन्या प्रोग्रॅमना ते १०.१६ सांगायचं. पुढे २०२५ मध्ये १५ वरून थेट २६, कारण आता आयफोन, घड्याळ, मॅक सगळ्यांना येणाऱ्या वर्षाचा आकडा.

लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्स सिस्टिमचा गाभा, डिसेंबर २००३ पासून २.६ वरच अडकून होतं, २.६.३९ पर्यंत गेलं आणि मग २०११ मध्ये लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्सने त्याला ३.० म्हटलं, काही मोठं बदललं म्हणून नाही, आकडे फार वाढले म्हणून. नंतरही ३.१९ झालं की ४.०, ४.२० झालं की ५.०, असंच. तिथेही हट्टी प्रोग्रॅमसाठी ३.० ला २.६.४० म्हणून दाखवायची सोय करावी लागली. सन कंपनीच्या सोलारिस सिस्टिमने तर २.६ नंतर सुरुवातीचा २ च उडवून सरळ ७ केलं, आतून मात्र ५.७.

वर्ष-महिना पद्धत त्यातल्या त्यात बरी. उबुंटू ही लिनक्सवर बांधलेली सिस्टिम, तिची ४.१० म्हणजे २००४ चा ऑक्टोबर, आणि २००६ मध्ये एप्रिलचं जूनवर गेलं तर नंबर पण ६.०६ झाला, सरळ हिशोब. विंडोज १० ने हेच करायला जाऊन २०२० साली आवृत्तीला २००४ नाव दिलं, वीस सालचा चौथा महिना म्हणून, आणि आली ती मे मध्ये! लोकांना वाटलं हे सोळा वर्षं जुनं काय देतायत. त्याच्या पुढची २०एच२ झाली, म्हणजे वीस सालचं दुसरं अर्ध.

फोनचं वेगळंच. अँड्रॉइडने २०१९ मध्ये १० पासून मिठाईची नावं जाहिरातीतून काढली, पण सॅमसंगवर त्यांचं स्वतःचं वरचं आवरण, वन यूआय ६, असतं आणि त्याच्या खाली अँड्रॉइड १४, त्यामुळे व्हर्जन कुठलं विचारलं तर कोणी ६ सांगतो कोणी १४. अ‍ॅप बनवणारे दोन्हीकडे बघत नाहीत, ते एपीआय लेव्हल, म्हणजे अ‍ॅपसाठी सिस्टिमला दिलेला वेगळा क्रमांक, बघतात, १४ ची ३४ आणि १५ ची ३५, टिंब नाही, नाव नाही, मध्येच आलेल्या १२एल ला सुद्धा मुकाट्याने ३२.