गाडीला रस्ता माहीत आहे, पण कोणत्या सालचा?

मोटारीला रस्ता दाखवायला सुरुवात केली ती उपग्रहांनी नव्हे. १९८१ मध्ये होंडाने जपानमध्ये अकॉर्ड गाडीसाठी ‘इलेक्ट्रो जायरोकेटर’ नावाची पेटी विकायला काढली. तिच्यात हेलियम वायूचा बारीक झोत असे. गाडी वळली की झोत किंचित बाजूला सरके आणि त्यावरून वळण किती घेतलं ते कळे. किती अंतर कापलं याचा हिशेब चाकं किती फिरली त्यावरून. समोर छोटा पडदा, त्यावर पारदर्शक कागदावर छापलेला नकाशा सरकवायचा, आणि त्या नकाशावर प्रकाशाचा ठिपका पुढे सरकत राहायचा. एका नकाशाची हद्द संपली की दुसरा लावायचा, तोही हाताने. चार वर्षांनी अमेरिकेत ‘ईटॅक’ कंपनीची यंत्रणा आली, तिचे नकाशे तर टेपरेकॉर्डरसारख्या कॅसेटवर होते. उपग्रहांच्या मदतीने रस्ता शोधणारी यंत्रणा कारखान्यातूनच बसवलेली गाडी रस्त्यावर यायला १९९० उजाडलं. ती माझदाची युनोस कॉस्मो.

हा जुना इतिहास सांगायचं कारण असं, की ‘खिशात मोबाइल असताना गाडीतल्या नॅव्हिगेशनचा उपयोग काय?’ या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या हेलियमच्या पेटीत आहे.

आधी मोबाइल काय करतो ते पाहू. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात आणि वेळेचे संदेश पाठवत असतात. संदेश निघाला कधी आणि पोहोचला कधी यातल्या फरकावरून उपग्रह किती लांब आहे ते कळतं. असे किमान चार उपग्रह दिसले की आपली जागा ठरते: तीन दिशांसाठी तीन, आणि चौथा मोबाइलच्या घड्याळातली चूक काढण्यासाठी. घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकलं तरी अंतर ३०० मीटरने चुकतं, म्हणून हा चौथा लागतोच. या सगळ्याला इंटरनेट लागत नाही. घाटात रेंज गेली म्हणून ‘जीपीएस बंद पडलं’ असं आपण म्हणतो, पण बंद पडलेला असतो तो नकाशा. जागा मोबाइलला तेव्हाही कळत असते.

मोकळ्या आकाशाखाली मोबाइल साधारण ५ मीटरच्या आत जागा सांगतो. एवढी अचूकता नेहमीच नव्हती. अमेरिकी लष्कर नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जागा १०० मीटरपर्यंत हुकायची. मे २००० मध्ये ती भेसळ थांबवली. त्याआधीच्या गाड्यांना उपग्रहावर विसंबून चालण्यासारखं नव्हतंच. म्हणून त्या चाकांवरही लक्ष ठेवत, आणि आजच्या चांगल्या इनबिल्ट, म्हणजे गाडीत बसवूनच आलेल्या, यंत्रणेने ती सवय सोडलेली नाही.

मुंबईच्या कोस्टल रोडवर मलबार हिलखालचा बोगदा घ्या. लांबी सुमारे दोन किलोमीटर. आत शिरलं की आकाश बंद, उपग्रह बंद. मोबाइल अशा वेळी अंदाजावर जातो: शिरताना ज्या वेगाने चालला होतात त्याच वेगाने चालला आहात असं धरून बाण पुढे ढकलतो. आत वाहतूक खोळंबली तर बाण तुमच्याआधीच बोगद्याबाहेर पडतो, नाहीतर तोंडाशीच अडकून बसतो. गाडीला मात्र अंदाज करावा लागत नाही. ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या एबीएस यंत्रणेसाठी प्रत्येक चाकाजवळ वेग मोजणारा सेन्सर असतो. चारी चाकं किती फिरली, डाव्या-उजव्या चाकांच्या फिरण्यात किती फरक पडला, स्टिअरिंग किती वळलं आणि गाडीचं वळणं मोजणारा जायरोस्कोप काय म्हणतो, हे सगळं एकत्र करून ती उपग्रहाशिवाय वाट काढते. दिवे गेल्यावर आपण ओळखीच्या घरात पावलं मोजत जिन्यापर्यंत जातो, तसंच. चूक हळूहळू साठत जाते हे खरं. टायरमध्ये हवा कमी असली तरी चाकाचा घेर बदलतो आणि हिशेब थोडा हलतो. पण दोन किलोमीटरसाठी हा हिशेब उत्तम चालतो, आणि बाहेर आल्या आल्या उपग्रह तो दुरुस्त करतात.

उड्डाणपुलाचं दुखणं याहून वाईट. नागपूरच्या वर्धा रोडवर खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो अशी तीन मजली रचना तीन किलोमीटरहून जास्त लांब आहे. वरून पाहिलं तर पूल आणि खालचा रस्ता एकाच रेषेत, त्यामुळे उंची कळली तरच फरक कळणार. नेमकी उंचीच जीपीएसला नीट मोजता येत नाही. आडव्या दिशांना उपग्रह आपल्या चहूबाजूंना असतात, त्यामुळे एका बाजूची चूक दुसरीकडचा उपग्रह सावरतो. पण खालून संदेश पाठवणारं कोणी नाही, मध्ये अख्खी पृथ्वी आहे. म्हणून उभ्या दिशेतली चूक आडव्यापेक्षा मोठी राहते. गाडीत चढ ओळखणारा सेन्सर असेल आणि यंत्रणा त्याचा उपयोग करत असेल, तर ‘आत्ताच चढण लागली, म्हणजे आपण पुलावर’ एवढं तिला समजतं. खिशात वेडावाकडा पडलेला मोबाइल ते इतक्या खात्रीने सांगू शकत नाही.

उन्हाचंही आहे. आयफोन ० ते ३५ अंश तापमानात वापरावा असं त्याची कंपनीच सांगते. मे महिन्यात अकोल्यात किंवा चंद्रपुरात काचेला चिकटवलेला फोन किती वेळ तग धरेल ते विदर्भातल्या कोणालाही विचारा. डॅशबोर्डच्या आतले भाग ८५ अंशांपर्यंतच्या उष्णतेचा विचार करून घडवलेले असतात.

इनबिल्टची सर्वांत भक्कम बाजू मात्र मला इलेक्ट्रिक गाडीत दिसते. खोपोलीहून लोणावळ्याला जाताना गाडी साडेपाचशे मीटरहून अधिक उंच चढते. माणसांसकट १८०० किलो वजन एवढं वर न्यायचं तर नुसतं गुरुत्वाकर्षणाशी झगडायला सुमारे पावणेतीन युनिट वीज लागते. तेवढ्यात सपाटीवर ही गाडी आरामात १५-२० किलोमीटर जाईल. उतरताना त्यातली काही वीज बॅटरीत परत येते, पण ते परतीच्या वाटेवर. पुढे घाट आहे, बॅटरीत इतकी वीज आहे, एसी इतका खातोय, तेव्हा अमुक ठिकाणी चार्जिंगला थांबा, हे सांगायला नकाशा आणि बॅटरी एकमेकांशी बोलली पाहिजेत. काही गाड्या तर चार्जिंग स्टेशन जवळ येऊ लागलं की बॅटरी आधीच योग्य तापमानाला आणून ठेवतात, म्हणजे चार्जिंग लवकर होतं. नुसत्या मोबाइलला यातलं काही आपणहून कळत नाही. जनरल मोटर्सने २०२३ मध्ये आपल्या पुढच्या इलेक्ट्रिक गाड्यांतून कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो (फोनवरचा नकाशा गाडीच्या पडद्यावर आणणाऱ्या सोयी) काढायचं जाहीर केलं, तेव्हा कारणांमध्ये हेही होतं. त्या निर्णयात धंद्याचा हिशेब नसेल असं मात्र कोणी समजू नये.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. गाडी दहा-पंधरा वर्षं टिकते. तिच्यातला नकाशा मात्र ती कारखान्यातून बाहेर पडते तेव्हाच जुना व्हायला लागतो. समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. त्याआधीचा नकाशा असलेली आणि अपडेट न केलेली गाडी त्या रस्त्यावर चढली की पडद्यावर बाण सरळ शेतातून धावतो. अपडेट घ्यायचं तर कुठे सर्व्हिस सेंटरला खेटे, कुठे पैसे, कुठे पहिली काही वर्षं फुकट आणि पुढे वर्गणी. मोबाइलचा नकाशा रोज सुधारत असतो. शिवाय पुढच्या चौकातली कोंडी तो सांगतो ती त्या कोंडीत अडकलेल्यांच्या फोनवरून. इंटरनेट नसलेल्या इनबिल्ट यंत्रणेला ती दिसणारच नाही.

ताज्या नकाशालाही पाणी दिसत नाही, हे वेगळंच. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक गाडी रात्री अकोले तालुक्यात कोतूळजवळ धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर गेली आणि चालवणाऱ्याचा बुडून मृत्यू झाला. पूल नकाशावर होता आणि जागेवरही होता, फक्त पाण्याखाली. गावातल्यांना ते ठाऊक होतं.

इलेक्ट्रॉनिक्सचंही वय होतं. जीपीएसचा जुना संदेश आठवडे मोजतो, पण १०२४ झाले की पुन्हा शून्यावर येतो, म्हणजे साधारण दर १९ वर्षं ७ महिन्यांनी. सॉफ्टवेअरने याची नीट सोय केली नसेल तर ते भूतकाळात जातं. १ जानेवारी २०२२ ला होंडा आणि तिच्याच अ‍ॅक्युराच्या बऱ्याच जुन्या गाड्यांतली घड्याळं थेट २००२ मध्ये गेली आणि कित्येक महिने तिथेच राहिली. त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेत एटीअँडटी या मोबाइल कंपनीने थ्रीजी सेवा बंद केली आणि तिच्यावर चालणाऱ्या कित्येक गाड्यांच्या इंटरनेट सेवा गेल्या. इंजिन ठणठणीत, नेटवर्कच उरलं नाही.

पत्ता भरण्याचा त्रास तर सगळ्यांनाच माहीत आहे. अमेरिकेत एएए या मोटारचालकांच्या संघटनेच्या फाउंडेशनने युटा विद्यापीठाकडून करून घेतलेल्या २०१७ च्या अभ्यासात गाडीच्या पडद्यावर ठिकाण भरायला सरासरी ४० सेकंद लागले. ताशी ६० किलोमीटर वेगात तेवढ्या वेळात गाडी साडेसहाशे मीटरहून पुढे गेलेली असते. पुढच्या वर्षी त्यांनीच कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो तपासलं, तर तेच काम सुमारे १५ सेकंद लवकर झालं. तरीही गाडी थांबवून पत्ता भरणं हेच शहाणपणाचं. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमांनुसार चालकाला हातातला फोन फक्त रस्ता पाहण्यासाठी वापरता येतो, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने.

मग घ्यावं काय? नुसत्या इनबिल्ट नकाशासाठी पेट्रोल गाडीचं वरचं मॉडेल घेण्यात मला अर्थ वाटत नाही. इलेक्ट्रिक घेत असाल तर उत्तर बदलतं. या दोन्हींच्या मधली एक वाट आहे, ती फारशी कोणाला ठाऊक नसते: कारप्लेमध्ये गाडी आपल्या छतावरच्या अँटेनाची जागा आणि चाकांचा वेग फोनला देऊ शकते. ज्या गाड्यांत ही सोय दिली आहे तिथे नकाशा फोनचा ताजा आणि बोगद्यातला हिशेब गाडीचा. माहितीपत्रकात ही ओळ क्वचितच छापलेली असते. टेस्ट ड्राइव्ह घेताना एखाद्या मॉलच्या दोन मजली तळघरात गाडी फिरवून बाहेर या आणि बाण कुठून निघतो ते पाहा, आणि तुमच्या गावाला गेल्या वर्षी झालेला बायपास पडद्यावर आहे का ते तिथल्या तिथे शोधायला सांगा.