ताटातलं श्वेतविवर

'प्रयोगशाळेत कृष्णविवर तयार' अशी बातमी अधूनमधून झळकते आणि जगबुडीचे निरोप फिरू लागतात. २००८ मध्ये सर्न या युरोपीय प्रयोगशाळेचं कण आदळवणारं यंत्र सुरू होतानाही काही वाहिन्यांनी हाच धंदा केला होता. प्रत्यक्षात या प्रयोगांत असतं वाहतं पाणी, नाहीतर अतिथंड अणूंचा ढग. एक नमुना तर बेसिनमध्येही होतो.

स्टीलचं ताट पालथं घाला, अगदी समतल. तेलकट नको, पाणी सारखं पसरत नाही. नळाची जाळी काढून बारीक, अखंड धार सोडा. मधे पातळ, गुळगुळीत थर झपाट्याने पसरतो आणि एका गोल कड्यापाशी पाणी एकदम उंचावतं. कडं लांबट झालं तर ताट कललेलं आहे.

उथळ पाण्यात लाटेचा वेग म्हणजे गुरुत्वत्वरण गुणिले खोली, त्याचं वर्गमूळ. ३ मिलिमीटर खोलीला तो सेकंदाला साधारण १७ सेंटिमीटर येतो, १ मिलिमीटरला १०. कड्याच्या आत थर याहून पातळ, आणि पाणी लाटेपेक्षा जोरात धावतं. त्यामुळे बाहेरची लाट आत शिरू शकत नाही, आतली मात्र बाहेर वाहून जाते. म्हणजे हे कृष्णविवराच्या उलट, श्वेतविवर. कडं हे त्याचं क्षितिज, लाटांसाठी एकतर्फी सीमा.

याची परीक्षा सुईने होते. आतल्या थरात सुई टेकवली की मागे इंग्रजी व्ही आकाराची रेघ उमटते. तिच्या अर्ध्या कोनाची साइन म्हणजे लाटेचा वेग भागिले प्रवाहाचा वेग. हा अर्धा कोन ३० अंश असेल तर पाणी लाटेच्या दुप्पट वेगाने वाहतंय. दोन्ही वेग वेगवेगळे मोजायची गरजच नाही! सुई बाहेर सरकवत न्या. व्ही फाकत जातो, कड्यापाशी अर्धा कोन ९० अंशांवर पोचतो आणि पुढे व्ही उरतच नाही. फ्रान्समध्ये २०१० च्या सुमारास हेच मोजमाप सिलिकॉन तेलावर झालं, कारण पाण्याचं कडं थरथरतं आणि दाट तेलाचं स्थिर राहतं.

ताटातल्या या नमुन्यात एक खोट आहे. अगदी बारीक तरंग पृष्ठताणावर चालतात, जितके बारीक तितके वेगवान, आणि काही क्षितिज ओलांडून आत घुसतात. निर्वातातल्या प्रकाशाचं तसं नाही. त्याच्या सगळ्या तरंगलांबींचा वेग एकच.

भौतिकशास्त्रज्ञ बिल उनरू यांनी १९८१ मध्ये दाखवलं, की वाहत्या द्रवातल्या ध्वनीचं समीकरण वक्र अवकाशकालातल्या लहरीसारखंच असतं. मग ध्वनीच्या क्षितिजातूनही हॉकिंग प्रारण, म्हणजे कृष्णविवराच्या क्षितिजातून निघतं असं मानलं जाणारं क्षीण उत्सर्जन, निघायला हवं. इस्राएलमधल्या हैफाच्या टेक्नियन विद्यापीठात जेफ स्टाइनहाउअर यांच्या गटाने रुबिडियमच्या अतिथंड अणूंत ते शोधलं. २०१९ मध्ये त्याचं तापमान मिळालं ०.३५ नॅनोकेल्विन (नॅनो म्हणजे अब्जांश). संकेत इतका क्षीण, की २०२१ च्या पुढच्या मोजमापासाठी तोच प्रयोग १२४ दिवसांत ९७,००० वेळा करावा लागला. वस्तुमानामुळे अवकाशकाल किती वाकतो, हे मात्र यातल्या कुठल्याच द्रवाला विचारता येत नाही. आइनस्टाइनचं समीकरण त्यात नसतंच.