फ्रिस्बी: बेकरीचं नाव तबकडीला कसं चिकटलं

भिरकावून खेळायच्या तबकडीला ज्या नावाने ओळखतात, ते फ्रिस्बी हे मुळात एका कुटुंबाचं आडनाव. अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातल्या ब्रिजपोर्ट शहरात विल्यम रसेल फ्रिस्बी यांनी 1871 मध्ये बेकरी सुरू केली. फळांचं सारण भरलेले 'पाय' नावाचे भाजलेले पदार्थ ही तिची खासियत. ते पत्र्याच्या उथळ ताटलीत भाजले जात आणि ताटलीवर 'फ्रिस्बीज पाय' अशी अक्षरं ठोकलेली असत. जवळच न्यू हेवनला येल विद्यापीठ आहे. तिथले विद्यार्थी पाय फस्त करून रिकाम्या ताटल्या एकमेकांकडे भिरकावत आणि समोरच्याला सावध करायला 'फ्रिस्बी!' असं ओरडत, असं सांगतात. व्हर्माँट राज्यातलं मिडलबरी कॉलेजही या खेळाच्या उगमावर हक्क सांगतं. पहिली ताटली कोणी फेकली हा वाद मिटणारा नाही, पण त्या भागातल्या विद्यार्थ्यांच्या तोंडी हा शब्द होता, हे पुढच्या घटनांवरून दिसतं. येलच्याच एलिहू फ्रिस्बी नावाच्या विद्यार्थ्याने 1820 मध्ये चर्चमधली दानाची थाळी भिरकावली, ही कथा मात्र निव्वळ दंतकथा आहे.

ज्याने आजची तबकडी घडवली, त्याचा या बेकरीशी काडीचाही संबंध नव्हता. फ्रेड मॉरिसन देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात राहायचा. 1937 मध्ये तो आणि त्याची मैत्रीण लू (पुढे तिच्याशीच त्याने लग्न केलं) पॉपकॉर्नच्या डब्याचं झाकण फेकून खेळत होते. झाकणाला पोचे पडले, तेव्हा दोघं केक भाजायच्या ताटल्यांकडे वळले. पुढच्या वर्षी सँटा मोनिकाच्या किनाऱ्यावर खेळताना एकाने त्यांची ताटली 25 सेंटला मागितली. दुकानात ती 5 सेंटला मिळत होती. तिथून धंदा सुरू झाला.

दुसऱ्या महायुद्धात मॉरिसन लढाऊ विमान चालवत होता आणि युद्धकैदीही झाला. परतल्यावर 1946 मध्ये त्याने 'व्हर्लो-वे' नावाच्या तबकडीचं रेखाटन केलं. 1947 मध्ये केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाने आकाशात विचित्र वस्तू पाहिल्याचं सांगितलं आणि अमेरिकाभर उडत्या तबकड्यांचं पेव फुटलं. मॉरिसन आणि त्याचा भागीदार वॉरन फ्रान्सिओनी यांनी प्लॅस्टिकच्या नव्या खेळण्याला 1948 मध्ये 'फ्लाइंग सॉसर' (उडती तबकडी) हेच नाव दिलं. जत्रांमध्ये प्रात्यक्षिक पाहणाऱ्यांना वाटायचं, ही अदृश्य तारेवरून जातेय. मग विक्रेते गमतीने सांगत, तबकडी फुकट, पैसे फक्त तारेचे. 1955 मध्ये मॉरिसनने नवी आवृत्ती काढली, 'प्लुटो प्लॅटर'. तिच्या कडेवर ग्रहांची नावं होती.

जानेवारी 1957 मध्ये 'व्हॅम-ओ' या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने हक्क विकत घेतले. अमेरिकेच्या ईशान्येकडचे विद्यार्थी असल्या खेळण्याला फ्रिस्बी म्हणतात, हे कंपनीच्या रिचर्ड नेर यांच्या कानावर आलं आणि त्याच वर्षी तबकडीवर ते नाव आलं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटच्या 'आय-ई'च्या जागी 'डबल ई' आला. मॉरिसनला हे नाव अजिबात आवडलं नव्हतं. मला त्याची चीड रास्त वाटते. वीस वर्षं तो या वस्तूच्या मागे होता आणि तिला नाव मिळालं ते त्याने कधी न पाहिलेल्या बेकरीचं. 1958 मध्ये त्याला मिळालेल्या डिझाइन पेटंटमध्ये तिचा उल्लेख फक्त 'उडतं खेळणं' असा आहे. ब्रिजपोर्टची बेकरी बंद पडली तीही त्याच वर्षी.

1960 च्या दशकात व्हॅम-ओच्या एड हेड्रिक यांनी तबकडीच्या पाठीवर बारीक उंच कडा काढल्या. त्यामुळे ती हवेत स्थिर राहू लागली आणि खेळण्याचं क्रीडासाहित्य झालं. 1968 मध्ये न्यू जर्सीतल्या मेपलवुडच्या शाळकरी मुलांनी तिच्यावर 'अल्टिमेट' हा सांघिक खेळ उभा केला.

इथे नावाची दुसरी अडचण सुरू होते. फ्रिस्बी हा नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे. कुठल्याही कंपनीच्या छायाप्रतीला आपण झेरॉक्स म्हणतो, तसं लोक कुठल्याही तबकडीला फ्रिस्बी म्हणतात. पण दुसऱ्या उत्पादकाला आपल्या मालावर ते छापता येत नाही. म्हणून बोलताना 'अल्टिमेट फ्रिस्बी' म्हटलं जात असलं, तरी खेळाचं अधिकृत नाव नुसतं 'अल्टिमेट' आहे. 2015 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची पूर्ण मान्यता मिळालेल्या जागतिक महासंघाच्या नावातही 'फ्लाइंग डिस्क' असंच आहे. मुरलेले खेळाडू तर हातातल्या तबकडीला सरळ 'डिस्क' म्हणतात.