आरोग्यातील सामाजिक उतरंड

समाजात माणसाचे स्थान जितके वरचे, तितके त्याचे सरासरी आयुष्य लांब आणि आजारपण कमी, या बहुतेक देशांत आढळणाऱ्या संबंधाला आरोग्यातील सामाजिक उतरंड म्हणतात. हे स्थान उत्पन्न, शिक्षण, व्यवसाय किंवा राहती वस्ती यांवरून ठरवले जाते. समाजवैद्यक, लोकसंख्याशास्त्र आणि समाजशास्त्र या तिन्ही शाखांत या उतरंडीचा अभ्यास होतो.

गरिबी आणि आजार यांचे नाते जुनेच ठाऊक आहे. १८४८ मध्ये तेव्हाच्या प्रशियातील अप्पर सायलीशिया या प्रांतात टायफसची (उवांमुळे पसरणाऱ्या तापाची) साथ पाहून आलेल्या रूडोल्फ फिरखो या जर्मन वैद्याने आपल्या अहवालात औषधांपेक्षा लोकशाही, शिक्षण आणि करसुधारणा यांवर भर दिला होता. उतरंडीची कल्पना मात्र याहून वेगळी आहे. तिचा रोख फक्त तळच्या लोकांवर नाही. ज्यांना अन्न, घर, पगार कशाचीच ददात नाही, त्यांच्यातही वरून दुसऱ्या पायरीवरचा माणूस पहिल्या पायरीवरच्यापेक्षा लवकर मरतो, असे ती सांगते.

याचा सर्वांत ठळक पुरावा लंडनमधील व्हाइटहॉल अभ्यासातून मिळाला. १९६७ पासून सुमारे १८,००० पुरुष सरकारी कर्मचाऱ्यांची तपासणी करून पुढे अनेक वर्षे त्यांच्या मृत्यूंची नोंद ठेवली गेली. सगळे एकाच शहरात काम करणारे, सगळ्यांची नोकरी पक्की, सरकारी आरोग्यसेवा सगळ्यांना मोफत. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतील कर्मचाऱ्यांचे हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघाले, आणि मधल्या श्रेणी क्रमाने मध्येच बसल्या. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब केल्यावरही निम्म्याहून अधिक फरक शिल्लक राहिला. साथरोगतज्ज्ञ मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या व्हाइटहॉल अभ्यासात १०,०००हून अधिक स्त्री-पुरुष होते. आपल्या कामावर आपला ताबा नसणे, म्हणजे काय करायचे, कधी आणि कसे करायचे हे दुसऱ्यानेच ठरवणे, याचा हृदयविकाराशी संबंध त्यात दिसला.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. हलक्या स्थानामुळे माणूस आजारी पडतो, की आजारी माणूसच नोकरीत आणि शिक्षणात मागे पडतो? दोन्ही घडते, आणि नुसत्या निरीक्षणातून ते सुटे करता येत नाही. म्हणूनच अमेरिकेतील पाच शहरांत १९९४ ते १९९८ दरम्यान झालेला प्रयोग या विषयात फार मोलाचा ठरतो. अतिगरीब वस्त्यांतील सुमारे ४,६०० कुटुंबांची चिठ्ठ्या टाकून विभागणी झाली आणि काहींना कमी गरिबीच्या वस्तीत जाण्यासाठी घरभाड्याची मदत मिळाली. दहा-पंधरा वर्षांनी पाहिले तेव्हा मोठ्यांची कमाई वाढलेली नव्हती. पण अशी मदत मिळालेल्या गटातील स्त्रियांमध्ये अतिस्थूलता आणि मधुमेह कमी आढळले, आणि त्या आपल्या आयुष्याबद्दल अधिक समाधानी होत्या. खिशात जास्त पैसे न येताही वस्ती बदलल्याने शरीर बदलते, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारे पुरावे थोडेच आहेत.

माणसांमधील नातीही या चित्राचा भाग आहेत. कॅलिफोर्नियातील अलमीडा परगण्यातील सुमारे ७,००० प्रौढांची नऊ वर्षांची माहिती लिसा बर्कमन आणि लेनर्ड साइम यांनी १९७९ मध्ये मांडली. ज्यांचे लागेबांधे सर्वांत कमी, त्यांच्यातील मृत्युप्रमाण सर्वाधिक लागेबांधे असणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक होते. २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने एकाकीपणाशी निगडित मृत्यू वर्षाला सुमारे ८,७१,००० असल्याचा अंदाज दिला.

अमेरिकेतील २००१ ते २०१४ या काळातील करनोंदी आणि मृत्यूनोंदी जोडून अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी व सहकाऱ्यांनी सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत गरीब एक टक्का लोकांच्या आयुर्मानातील अंतर काढले: पुरुषांत १४.६ वर्षे, स्त्रियांत १०.१ वर्षे. याच अभ्यासात गरिबांचे आयुर्मान ठिकाणागणिक बरेच वेगळे निघाले. हा फरक धूम्रपानासारख्या सवयींशी जुळला, पण त्या ठिकाणच्या उत्पन्नातील विषमतेशी ठळकपणे जुळला नाही. विषमता स्वतःच आरोग्याला मारक आहे, या लोकप्रिय मतावर त्यामुळे वाद आहे आणि तो मिटलेला मानता येणार नाही.

धोरणासाठी उतरंडीचा अर्थ गैरसोयीचा आहे. केवळ तळच्या गटासाठी योजना आखल्या तर मधल्या पायऱ्यांवरचे टाळता येण्याजोगे मृत्यू तसेच राहतात, आणि तेथे लोकसंख्या मोठी असते. म्हणून मार्मट यांच्या इंग्लंडविषयीच्या २०१० च्या अहवालाने सेवा सर्वांसाठी, पण गरजेच्या प्रमाणात तीव्र असावी, असे तत्त्व मांडले. त्याआधी, २००८ मध्ये, त्यांच्याच अध्यक्षतेखालील जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने अशी विषमता नियमितपणे मोजण्याची शिफारस केली होती. अनेक देशांत हे मोजमापच अवघड आहे. तिथे सगळे मृत्यू नोंदले जात नाहीत, आणि नोंदलेल्यांतही मृताचे शिक्षण वा उत्पन्न नेहमी सापडत नाही. बालमृत्यूंचे अंदाज घरोघरच्या सर्वेक्षणात मातांना विचारून बांधता येतात, त्यामुळे आईच्या शिक्षणाप्रमाणे बालमृत्यू कसे घटतात हे पुष्कळ ठिकाणचे माहीत आहे. प्रौढांच्या मृत्यूंबाबत अशी सोय फारशी नाही, आणि तेथील प्रौढांमधील उतरंड किती उभी आहे याचे चित्र तुटकच राहते.