भिंतीतलं १ मिलिमीटरचं भोक

मार्च २०१९मध्ये दक्षिण कोरियाच्या पोलिसांनी उघड केलेलं प्रकरण रहस्यपटात सहज खपलं असतं. १० शहरांतली ३० मॉटेलं, ४२ खोल्या, सुमारे १,६०० पाहुणे आणि त्यांचं इंटरनेटवर थेट प्रक्षेपण. कॅमेरे दडवले होते टीव्हीच्या बॉक्समध्ये, भिंतीवरच्या सॉकेटमध्ये आणि हेअर ड्रायरच्या होल्डरमध्ये. भिंगाचं भोक १ मिलिमीटरचं.

जागा अशाच का? विजेमुळे. चित्र घेऊन वाय-फायवरून पाठवायला कॅमेऱ्याला १ वॅट लागतो असं धरा. ५०० मिलिअँपिअर-तासांची, ३.७ व्होल्टची बॅटरी म्हणजे १.८५ वॅट-तास, दोन तासही पुरणार नाही. महिनोन्‌महिने चालायचं तर वायर हवीच. म्हणून शोध फुलदाणीपासून नको, प्लगपासून सुरू करा. चार्जर, घड्याळ, स्मोक डिटेक्टर, त्यातही पलंगाकडे तोंड असलेलं काहीही.

कॅमेरा वीज लपवेल, वायर लपवेल. भिंग मात्र झाकता येत नाही. त्याला पलंग दिसतो, म्हणजे पलंगावरून ते दिसू शकतं. भिंग आत आलेला प्रकाश सेन्सरवर एकवटतं, सेन्सर त्यातला थोडा परत फेकतो आणि तो आल्या वाटेनेच माघारी जातो. अंधारात मांजराचे डोळे चमकतात तेही असंच. खोलीत अंधार करा, मोबाइलची टॉर्च डोळ्याला अगदी लागून धरा आणि एक-दोन मीटरवरून प्रत्येक वस्तू सावकाश न्याहाळा. हात लांब करून टॉर्च मारली तर चमक टॉर्चकडे परतते, डोळ्याकडे नाही. बहुतेकांचं इथेच चुकतं. स्क्रूची चमक पाऊलभर सरकलं की विझते. भिंगाचा ठिपका टिकतो.

तरी नुसत्या डोळ्यांवर फार विसंबू नये. सिंगापूर आणि कोरियाच्या संशोधकांनी २०२१मध्ये मोबाइलमधला अंतर मोजणारा लेझर सेन्सर या कामाला लावला. त्याने ८८.९ टक्के छुपे कॅमेरे सापडले, नुसत्या डोळ्यांनी ४६ टक्के.

अंधारात पाहणारे कॅमेरे अवरक्त (इन्फ्रारेड) दिवे लावतात. ८५० नॅनोमीटरचा दिवा डोळ्यांना मंद लाल दिसतो, ९४०चा अजिबात नाही. आधी टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर दाबून बघा; ठिपका दिसला तर तोच कॅमेरा खोलीभर फिरवा. मागच्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा हा प्रकाश अडवणारी गाळणी असते, तिथे फसगत होते.

वाय-फायवरची उपकरणं दाखवणारं ॲप उपयोगी, पण त्यात काही सापडलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. कॅमेरा वेगळ्या नेटवर्कवर किंवा सिमवर असू शकतो. आडगावच्या मॉटेलात, जिथे रेंजच नाही, तो मेमरी कार्डवर साठवत बसतो. तेव्हा कार्ड न्यायला कुणीतरी येणार, हेही लक्षात असू द्या.

आरसा पलीकडून आरपार दिसणारा, म्हणजे एकतर्फी, आहे का हे ओळखायला त्यावर बोट टेकवून फट बघायची युक्ती व्हॉट्सॲपवर फिरते. ती बेभरवशाची. एकतर्फी आरसा चालतो तो उजेडाच्या फरकावर: खोलीत लख्ख, पलीकडे काळोख. तेव्हा दिवे मालवा, टॉर्च काचेला टेकवा आणि दोन्ही तळहातांची ओंजळ करून आत डोकवा. पोकळी असेल तर दिसते.

कॅमेरा सापडलाच तर उपटू नका. बोटांचे ठसे आणि कार्डावरचा पुरावा जातो. त्यावर टॉवेल टाका, जागेवरच फोटो काढा, बाहेर पडा आणि ११२ लावा. चोरून पाहण्या-चित्रणाबद्दलचं भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ फक्त स्त्रीच्या बाबतीत लागू होतं. खासगी अंगांच्या चोरट्या चित्रणाबद्दलचं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई स्त्री-पुरुष दोघांच्याही. तक्रारीत दोन्ही नोंदवायला सांगा.