कोवळी ज्वारी, दोन विषे आणि सर्वांची एक वही

ऑगस्टच्या उत्तरार्धात पावसाने पंधरा-वीस दिवस दडी मारली, की वर्धा-यवतमाळकडच्या हलक्या जमिनीवरची ज्वारी गुडघ्याएवढी होऊन थबकते. पाने सुरळीसारखी वळतात, पण रंग गर्द हिरवाच राहतो आणि जनावराला तो लांबून खुणावतो. अशाच एका दुपारी पाच गायी धुरा ओलांडून ज्वारीत शिरल्या आणि अर्ध्या तासात त्यांतल्या दोन खाली बसल्या. मी पोचलो तेव्हा एक गाय मान ताणून, तोंड उघडे टाकून धापा टाकत होती. तिचे पाय थरथरत होते आणि तोंडातून फेस गळत होता. "सकाळी चांगली चरत होती जी," एवढेच गुराखी पुन्हा पुन्हा सांगत होता. मानेच्या शिरेत सुई घातली, तर सिरिंजमध्ये लालभडक रक्त आले. शिरेतले रक्त एरवी काळपट असते. त्या रंगावरूनच निदान झाले.

मराठी मुलखात याला 'किराळ लागणे' म्हणतात. कोवळ्या ज्वारीच्या पेशींत धुरिन नावाचा पदार्थ असतो. तो जागच्या जागी राहिला तर निरुपद्रवी असतो, कारण त्याला फोडणारे विकर (एन्झाइम) पानात त्याच्यापासून वेगळे ठेवलेले असते. पान चावले, चुरगळले, की दोघांची गाठ पडते आणि हायड्रोजन सायनाइड सुटते. गाय-बैलाच्या पोटातले सूक्ष्मजीव हे काम आणखी वेगाने करतात, म्हणून रवंथ करणाऱ्या जनावरांना या विषाचा धोका घोड्यापेक्षा जास्त असतो. सायनाइड पेशींतल्या श्वसनाच्या एका विकराला घट्ट चिकटते. रक्त प्राणवायू आणून देते, पण पेशींना तो वापरता येत नाही. न वापरलेला प्राणवायू घेऊन रक्त तसेच परतते आणि शिरेतही लाल दिसते. जनावर भरपूर हवेत गुदमरते.

यावर सोडियम नायट्राइट आणि मागोमाग सोडियम थायोसल्फेट शिरेतून देतात. नायट्राइट रक्तातल्या काही हिमोग्लोबिनचे मेथेमोग्लोबिन, म्हणजे प्राणवायू वाहू न शकणारे रूप, करते आणि ते सायनाइडला पेशींपासून ओढून घेते. थायोसल्फेटमधल्या गंधकामुळे सायनाइडचे थायोसायनेट होते आणि ते लघवीवाटे निघून जाते. उपचार वेळेत झाला, तर खाली पडलेली गाय काही मिनिटांत उठून उभी राहते. हे दृश्य कितीही वेळा पाहिले तरी माझा ऊर भरून येतो.

पण याच शेतात दुसरे विषही दबा धरून असू शकते. युरिया टाकल्यानंतर पावसाने दडी मारली, तर मुळांनी शोषलेले नायट्रेट प्रथिनांत न बदलता ताटात, विशेषतः बुडख्याकडच्या भागात, साठते. जनावराच्या पोटात त्याचे नायट्राइट होते, ते रक्तात शिरून हिमोग्लोबिन निकामी करते आणि रक्त चॉकलेटसारखे तपकिरी दिसू लागते. धाप, थरथर, कोसळणे ही लक्षणे बरीचशी सारखीच असतात. उतारा मात्र वेगळा, मेथिलीन ब्लू या निळ्या औषधाचा. इथे घाईत सोडियम नायट्राइट टोचले, तर ज्या विषाने जनावर मरायला टेकले आहे तेच विष आपण सुईने आणखी देतो. शिवाय मृत्यूनंतर वेळ गेला की सायनाइडचे लाल रक्तही काळवंडते, त्यामुळे उशिरा पोचलेल्याला रंगावर विसंबता येत नाही.

आता प्रश्न असा, की नुकताच रुजू झालेला तरुण पशुवैद्यक धुऱ्यावर उभा असताना हा फरक त्याला कोण सांगणार? सायनाइड विषशास्त्राच्या पुस्तकात सापडेल, युरियाचा संबंध चारापिकांच्या पुस्तकात आणि रक्ताचा रंग एखाद्या अनुभवी डॉक्टरांच्या आठवणीत. ते डॉक्टर निवृत्त झाले, की ती आठवण त्यांच्यासोबत घरी जाते. या तिन्ही गोष्टी एकाच पानावर, एकमेकींना जोडून ठेवता याव्यात, ही पशुवैद्यकांच्या सामायिक ज्ञानकोशामागची कल्पना आहे. ब्रिटनमध्ये लंडनचे रॉयल व्हेटरनरी कॉलेज आणि केंब्रिज व एडिनबर्ग विद्यापीठांच्या पशुवैद्यक शाळांनी मिळून 'विकिव्हेट' नावाने असा कोश उभा केला. त्यात विद्यार्थी आणि व्यावसायिक दोघेही लिहितात आणि तज्ज्ञ मजकूर तपासतात. वाक्य कोणी, कधी बदलले याची नोंद अशा कोशात मागे राहते, त्यामुळे चूक झाली तरी जुने पान परत आणता येते. आपल्याकडची सामायिक विहीर आठवावी: पाणी सगळे भागीदार ओढतात, पण गाळ काढायच्या दिवशीही सगळ्यांनी उतरावे लागते.

विद्यार्थ्याने लिहावे की नाही, यावर अनेकांच्या मनात शंका असते. माझ्या मते त्यानेच आधी लिहावे, कारण कोणती गोष्ट समजायला अवघड गेली हे त्याला ताजे आठवत असते. तपासणारा मात्र अनुभवी हवा.

तपासणीची गरज किती मोठी आहे, हे गिधाडांनी दाखवून दिले. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक गुरांना सर्रास दिले जाई आणि गुरांना ते लागूही पडे. 2004 मध्ये पाकिस्तानातील संशोधनातून उघड झाले, की हे औषध दिलेल्या जनावराचे मढे खाल्ल्याने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात. भारतात 2006 मध्ये जनावरांसाठी त्याच्या उत्पादनावर बंदी आली आणि मेलोक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय पुढे आला, पण माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात वापरल्या जात राहिल्या. अखेर 2015 मध्ये त्या कुप्यांचे आकारमान 3 मिलिलिटरवर आणावे लागले. 1992 ते 2007 या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे 99 टक्क्यांहून अधिक घटली होती. 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅक यांच्यावरही जनावरांसाठी बंदी आली. छापील पुस्तकाची जुनी आवृत्ती कपाटात वर्षानुवर्षे राहते आणि तिच्यातली शिफारसही तशीच राहते. सामायिक कोशात ती ओळ त्याच दिवशी खोडता येते, आणि का खोडली तेही शेजारी लिहिता येते.

तरीही परदेशी कोश जसाच्या तसा उचलून आपले भागणार नाही. सरकीच्या ढेपेतले गॉसिपॉल हे विषारी द्रव्य वासराला मोठ्या गाईपेक्षा अधिक बाधते, ही गोष्ट कापूस पिकवणाऱ्या मुलखात पहिल्या पानावर हवी. फवारणीच्या हंगामात लाळ गाळणारा, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झालेला बैल समोर आला, तर कीटकनाशकाचा संशय आधी घ्यायला हवा. गवळाऊ आणि कठाणी गाई, नागपुरी म्हशी यांच्या निरोगी अवस्थेतल्या नोंदी इथल्याच माणसांनी जमवायच्या आहेत. आणि आजारांच्या नावांचे काय? शेतकरी 'फऱ्या', 'घटसर्प', 'किराळ' म्हणतो, पुस्तक लॅटिन बोलते. या नावांनी शोधले तरी योग्य पान उघडले पाहिजे. नागपूरला मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे विद्यार्थी गावोगावचे असतात. नावे गोळा करायला त्यांच्याहून योग्य कोण?

त्या दुपारी दोन्ही गायी उठल्या. मग मी नोंद लिहायला बसलो: ज्वारीची उंची दोन वीत, शेवटचा पाऊस सतरा दिवसांपूर्वी, युरिया किती दिवसांपूर्वी टाकला, पहिले लक्षण किती वेळात दिसले, पांढऱ्या कागदावर धरलेल्या नळीतल्या रक्ताचा फोटो. पिक्रेटचा पिवळा कागद ज्वारीच्या कुटलेल्या पानांवर बंद बाटलीत टांगला, तो विटकरी झाला. सायनाइड असल्याची ती खूण. शेतकऱ्याने विचारले, उरलेली ज्वारी कापून वाळवली तर चालेल का? वाळवल्याने सायनाइड बरेच उडून जाते, नायट्रेट मात्र वाळलेल्या कडब्यातही तसेच राहते. म्हणून बुडख्याकडची चार ताटे तपासणीसाठी बांधून घेतली आणि निकाल येईपर्यंत ती गंजी वेगळी रचून ठेवायला सांगितली.